दगडांच्या खोऱ्यात झाडे लावणारा पाळक : जाँ फ्रेदेरिक ओबर्लिन

वाचकहो, ख्रिस्ती घरातील मुलगा किंवा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की अनेक चर्चमध्ये दृढीकरणाचा विधी होतो. तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी मुलाच्या वतीने जे वचन दिलेले असते, ते आता मूल स्वतःच्या तोंडाने देते आणि मंडळीचे पूर्ण सभासद होते. त्यासाठी शास्त्राचा अभ्यास करावा लागतो, प्रार्थना पाठ कराव्या लागतात, पाळकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. फ्रान्सच्या पूर्व टोकाला व्होज पर्वतातील एका खोऱ्यात मात्र अडीचशे वर्षांपूर्वी याखेरीज आणखी एक अट होती. या मुलाने किंवा मुलीने दोन झाडे लावली आहेत, असा दाखला आईवडिलांकडून आणावा लागे. तो दाखवल्यावरच पाळक दृढीकरणाला उभे करीत.

ही अट घालणारे पाळक होते जाँ फ्रेदेरिक ओबर्लिन. आज पर्यावरणाचा विषय निघाला की आपण परिषदा, करार, घोषणा यांबद्दल बोलतो. ओबर्लिन यांच्या काळी पर्यावरण हा शब्दही त्या अर्थाने कोणी वापरत नव्हते. त्यांच्यासमोर उपाशी माणसे, उघडे डोंगर आणि पावसात वाहून जाणारी माती एवढेच होते. त्यांनी जे केले ते भुकेपोटी केले आणि श्रद्धेपोटी केले. या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

त्यांचा जन्म 31 ऑगस्ट 1740 रोजी स्ट्रासबर्ग शहरात झाला. वडील शिक्षक, घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा बेताचा. धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून ते सैन्यातील एका पलटणीचे धर्मगुरू म्हणून जाण्याच्या बेतात होते. तेवढ्यात 1767 साली एक वयस्क पाळक त्यांना शोधत त्यांच्या माडीवरच्या खोलीत आले. त्यांचे नाव श्टुबर. खोलीत त्यांना दिसले ते असे : पलंगाला कापडाऐवजी कागदाचे पडदे, आणि टेबलावरच्या दिव्यावर टांगलेले एक लहानसे लोखंडी भांडे. चौकशी केल्यावर कळले की हा तरुण आईवडिलांकडून आणलेली भाकरी पाणी आणि मीठ घालून त्या भांड्यात टाकतो आणि अभ्यास करता करता ज्या दिव्याच्या उजेडात वाचतो त्याच दिव्यावर रात्रीचे जेवण शिजवतो. श्टुबर यांना आपल्या जागी नेमण्यासाठी जसा माणूस हवा होता, तसाच तो होता. तो माणूस दारिद्र्याला घाबरून चालणार नव्हते.

श्टुबर ज्या खोऱ्यातून आले होते त्याचे फ्रेंच नाव बां द ला रोश आणि जर्मन नाव श्टाइनताल. दोन्ही नावांत दगड आहे. आपण त्याला दगडांचे खोरे म्हणू या. स्ट्रासबर्गपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावर विखुरलेली वाल्डर्सबाख, बेलमों, बेलफोस, फूदे, सोलबाख अशी गावे. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात हा भाग बेचिराख झाला होता आणि त्यानंतर कधी नीट सावरलाच नव्हता. हिवाळा लांबलचक, माती पातळ, आणि जी आहे तीही चढावरून पावसाबरोबर नदीत उतरणारी. ब्रुश नदी ओलांडायला पूल नव्हता. पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायचे, आणि नदीला पूर आला की बाहेरच्या जगाशी संबंध संपला.

तेथल्या शाळेची एक हकीकत प्रसिद्ध आहे. श्टुबर 1750 साली प्रथम तेथे गेले तेव्हा एका झोपडीत मुले गोंगाट करत होती आणि मास्तर म्हणून एक जख्ख म्हातारा खाटेवर पडून होता. विचारपूस केली तेव्हा समजले की हा पूर्वी गावाची डुकरे राखायचा. वय झाल्यावर डुकरांमागे धावणे जमेना, म्हणून गावाने त्याला मुले राखायला दिली. श्टुबर यांनी तेथे चांगली शाळा उभी करायला सुरुवात केली. ते काम पुढे नेण्यासाठीच ओबर्लिन तेथे आले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, आणि पुढची जवळजवळ साठ वर्षे, मरेपर्यंत, ते त्या खोऱ्यातच राहिले.

लोकांनी त्यांचे स्वागत केले असे आपल्याला वाटेल, पण तसे झाले नाही. शहरात वाढलेला हा पोरगेला पाळक आमच्या जुन्या चालीत ढवळाढवळ करतो, म्हणून सुरुवातीला काहींनी त्यांना गाठून चोप देण्याचा बेत केला. ओबर्लिन यांना तो कळला. त्या रविवारी त्यांनी प्रवचनाचा विषय घेतला तो अन्याय सोसण्याविषयीच्या ख्रिस्ताच्या शिकवणुकीचा. उपासना संपल्यावर बेत करणारे ज्या घरी जमले होते, त्या घरी ते स्वतःहून गेले. वाटेत दबा धरून बसण्याचे पाप तुमच्या माथी नको, म्हणून मीच आलो आहे, असे त्यांनी सांगितले. मंडळी खजील झाली. पुढे दुसऱ्या एका गावात त्यांना पाण्याच्या हौदात बुडवून काढण्याचा घाट घातला गेला. त्या दिवशी ते घोड्यावर बसून निघूनही गेले असते, पण ते मुद्दाम पायी, घोड्याचा लगाम हातात धरून, त्या लोकांच्या समोरून गेले. कोणी हात लावला नाही.

पुढे त्यांनी रस्ता काढायचे ठरवले. खडक फोडायचा, माती धरून ठेवायला भिंत बांधायची, नदीवर पूल घालायचा. लोकांनी ऐकून घेतले आणि प्रत्येकाने आपापल्या कामाची सबब सांगितली. तेव्हा पाळकांनी कुदळ खांद्यावर टाकली, स्वतः जाऊन खणायला सुरुवात केली, आणि काट्याकुट्यांची, खडकाची अवघड जागा आपल्याकडे घेतली. ते पाहून लोक अवजारे आणायला घरी धावले. अवजारे पुरेशी नव्हती, तर स्ट्रासबर्गच्या मित्रांकडून पैसे आणि अवजारे आली. पूल झाला, त्याचे नाव दयेचा पूल पडले. पुढे ओबर्लिन यांनी शेतीच्या अवजारांचे एक कोठारच उघडले. अवजार खरेदीच्या किमतीत द्यायचे आणि पैसे शेतकऱ्याने हप्त्याहप्त्याने फेडायचे. गरजूंना कर्ज देण्यासाठी त्यांनी एक छोटी पतपेढीही चालवली. मी वाणिज्य शाखेत शिकतो, त्यामुळे हा भाग मराठीत आणताना मी जरा जास्तच रेंगाळलो. या पाळकांचे हिशेब फार चोख असत, हे येथे नोंदवून पुढे जातो.

आता झाडांकडे येऊ.

खोऱ्यातील मुख्य अन्न बटाटा. पण त्याचे बियाणे वर्षानुवर्षे तेच वापरून कमजोर झाले होते आणि पीक पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले होते. लोक जमिनीला दोष देत. ओबर्लिन म्हणत, जमीन नव्हे, बियाणे थकले आहे. त्यांनी बाहेरून नवे बियाणे मागवले. क्लोव्हरसारखा हिरवा चारा आणला, रिगाहून जवसाचे बी आणले, जनावरे डोंगरावर मोकाट सोडण्यापेक्षा गोठ्यात बांधून चारावीत असे समजावले. परंतु आपल्या खेड्यांतही जसे होते तसेच तेथे झाले. शहरातून आलेल्या, पुस्तके वाचणाऱ्या माणसाने आम्हाला शेती शिकवावी काय, म्हणून लोक हसले.

त्यावर ओबर्लिन यांनी जो मार्ग काढला तो मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी वाद घातला नाही. पाळकाच्या घराला जोडून दोन शेते होती आणि त्यांतून लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या पायवाटा जात होत्या. जमीन निकसच. शेतीकाम जाणणाऱ्या आपल्या एका नोकराला बरोबर घेऊन त्यांनी तेथे खोल चर खणले, चरांत चांगली माती आणि खत भरले, आणि सफरचंद, नासपती, आलुबुखार, चेरी, अक्रोड अशी फळझाडे लावली. प्रचार असा काहीच केला नाही. लोक रोज त्या वाटेने जात, बघत, मान हलवत. दुसऱ्या वर्षी बघत, तिसऱ्या वर्षी बघत. शेजारच्या त्यांच्या स्वतःच्या शेतात काहीच नाही आणि पाळकाच्या त्याच मातीत झाडे डोलत आहेत, हे काही काळाने सहन होईना. मग एकेक जण येऊन विचारू लागला की हे कसे केले. ओबर्लिन आधी त्यांना सांगत की वाढवणारा परमेश्वर आहे, आणि लगेच चर किती खोल घ्यायचा तेही सांगत. कलमे कशी बांधायची हे त्यांनी शिकवले, आपल्या रोपवाटिकेतून रोपे दिली. काही वर्षांत खोऱ्यातल्या उघड्याबोडक्या घरांभोवती बागा उभ्या राहिल्या.

माती नसेल तर झाड कसे जगणार, म्हणून माती तयार करणे हेही धर्मकार्यच झाले. गळलेली पाने, लव्हाळे, शेवाळ, देवदाराची बोंडे, जे जे कुजते ते सर्व गोळा करून खत करायचे. लोकरीच्या चिंध्या आणि जुने जोडेसुद्धा बारीक फाडून खतात घालायचे. हे फाडण्याचे काम ते लहान मुलांना देत आणि त्याबद्दल त्यांना काही बक्षीस देत. टाकाऊ वस्तू म्हणून जगात काही नाही, सारे काही देवाच्या घरातलेच, ही त्यांची पक्की समजूत होती. ते असा प्रपंच करत होते की घरात काही वाया गेलेले त्यांना खपत नसे.

त्यांनी आपल्या मंडळीतील कुटुंबांना एक प्रश्नावली वाटली होती. वाचकहो, एखाद्या धर्मगुरूची प्रश्नावली म्हटली की आपल्याला वाटते, प्रार्थना करता का, उपासनेला येता का, असे प्रश्न असतील. तसे प्रश्न होतेच. पण त्यांच्याच रांगेत, त्याच गांभीर्याने, दुसरे प्रश्न होते. रस्ते दुरुस्त करताना तुम्ही हातभार लावता का? घराच्या अंगणातले सांडपाणी वाहून जायला नीट गटार काढले आहे का? गरज नसताना कुत्रे पाळून गरिबाच्या तोंडचे अन्न त्याला घालता का? तुम्हाला आणि तुमच्या मुलांना रिकाम्या वेळात करण्याजोगा एखादा हातचा धंदा येतो का? आणि गावाच्या सामाईक जमिनीवर, घरात जितकी माणसे त्याच्या निदान दुप्पट झाडे लावली आहेत का? यापुढचा प्रश्न तर फारच नेमका होता : ती झाडे नीट लावली आहेत, की आळशी आणि अडाणी माणसे अंगावरचे काम टाळायला लावतात तशी लावली आहेत?

हा शेवटचा प्रश्न मराठीत लिहिताना मी थांबलो. मी ज्या महाविद्यालयात आधी होतो तेथे दरवर्षी जुलैमध्ये वृक्षारोपण होई. आम्ही मुले रांगेत उभे राहून रोपाला हात लावत असू, छायाचित्र निघे, चहा होई. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या खड्ड्यांत सुकलेल्या काड्या असत आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपे येत. मीही त्या छायाचित्रांत आहे, दोनदा. पाणी घालायला एकदाही गेलो नव्हतो.

ओबर्लिन यांच्या अटीतील खुबी येथे आहे. दाखला पाळकाने द्यायचा नव्हता, आईवडिलांनी द्यायचा होता. म्हणजे घरातल्या मोठ्यांना ती झाडे जाऊन पाहणे भाग होते. शिवाय झाडे लावणारा मुलगा त्याच गावात राहणार, त्याच वाटेने शेतावर जाणार. पुढे त्याच्या लग्नाच्या वेळी ती झाडे फळाला आलेली असणार, किंवा मेलेली असणार, आणि दोन्ही गोष्टी सगळ्या गावाला दिसणार. मंडळीत प्रवेश करताना तोंडाने दिलेले वचन कोणाला तपासता येत नाही, पण जमिनीत लावलेले झाड तपासता येते.

मुलांची तयारी मात्र चौदाव्या वर्षी सुरू होत नव्हती. खोऱ्यातले आईबाप दिवसभर रानात आणि लहान मुले घरात कोंडलेली किंवा वाटेवर भटकणारी, ही स्थिती पाहून बेलमोंच्या सारा बांझे या तरुणीने मुलांना जमवून विणकाम शिकवायला सुरुवात केली होती. ओबर्लिन आणि त्यांची पत्नी मादलेन सालोमे यांनी ते काम उचलून धरले, स्वतःच्या खर्चाने मोठ्या खोल्या भाड्याने घेतल्या, गावोगावच्या तरुण मुलींना शिकवून शिक्षिका केले. शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांसाठी नीट चालवलेल्या युरोपातील अगदी पहिल्या शाळांत या विणकामशाळांची गणना होते. थोडी मोठी मुले विणत, सूत काढत. धाकटी शेजारी खेळत आणि ऐकत. आणि हवा बरी असली की सारी वरात रानात निघे. तेथे वनस्पती गोळा करायच्या, त्यांची नावे आधी आपल्या बोलीत आणि मग फ्रेंचमध्ये सांगायची, औषधी कोणती, खाण्याजोगी कोणती, विषारी कोणती ते ओळखायचे. घरी येऊन त्यांची चित्रे रंगवायची, लहानशा वाफ्यात काही रोपे लावायची. ओबर्लिन यांनी वनस्पती वाळवून, चिकटवून त्यांचे संग्रह केले होते. वाल्डर्सबाखला पाळकांच्या जुन्या घरात आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि त्यांच्या संग्रहातील पुष्कळ वस्तू तेथे जपलेल्या आहेत.

बोलीचा उल्लेख आला म्हणून एक सांगतो. त्या खोऱ्यातली फ्रेंचची गावठी बोली बाहेरच्या माणसाला कळत नसे. ओबर्लिन यांचे भाऊ जेरेमी जाक हे मोठे भाषापंडित होते आणि त्यांनी 1775 साली त्या बोलीवर ग्रंथ लिहिला. पाळकभाऊ मुलांना फ्रेंच शिकवत होते आणि पंडितभाऊ त्यांची बोली लिहून ठेवत होते. भाषांतराचे काम करणाऱ्याला ही जोडी आवडणारच.

या शिक्षिकांतील एक होती बेलफोसची लुईस शेप्लर. पंधराव्या वर्षी ती पाळकांच्या घरी कामाला आली. 1783 साली मादलेन सालोमे वारल्या. मागे सात मुले होती. लुईसने ते घर आणि विणकामशाळा दोन्ही सांभाळले. पुढे तिने पाळकांना विनंती केली की मला पगार देऊ नका, मला तुमच्या मुलींतली एक समजा. तिने शेवटपर्यंत लग्न केले नाही. हिवाळ्यात बर्फ तुडवत ती गावोगावच्या शाळांना जात असे. ओबर्लिन यांची चरित्रे पुष्कळ झाली, पण मला वाटते, त्या खोऱ्यातील लहान मुलांनी झाडाझुडपांची नावे ज्यांच्या तोंडून ऐकली त्या या मुली होत्या, आणि त्यांच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे.

घर चालवण्याची ओबर्लिन यांची रीतही सांगण्याजोगी आहे. जुन्या करारात दशांशाची आज्ञा आहे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवासाठी काढून ठेवणे. त्यांनी ती अक्षरशः पाळायचे ठरवून तीन पेट्या केल्या. एका पेटीतले पैसे उपासनेच्या आणि धर्माच्या कामाला, दुसरीतले शाळा, रस्ते अशा लोकोपयोगी कामांना, तिसरीतले गरिबांना. पगार तुटपुंजा, घरात सात मुले, आणि तरीही पेट्यांत आधी पैसे पडत आणि उरलेल्यात घर चाले. आम्हाला वर्गात उत्पन्नातून खर्च वजा करून शिल्लक काढायला शिकवतात. त्यांच्या वहीत क्रम उलटा होता.

फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. तिच्या सर्वांत कडक काळात उपासनेला बंदी आली. ओबर्लिन यांनी पाळकाचे काम सभेतल्या नागरिकाच्या वक्तृत्वाच्या नावाखाली चालू ठेवले, आसरा मागणाऱ्या अनेकांना घरात लपवले. 1794 च्या उन्हाळ्यात त्यांना अटकही झाली, पण रोबस्पिएरची सत्ता कोसळल्यावर ते सुटून आले आणि पुन्हा कामाला लागले.

खोऱ्याचे एक दुखणे मात्र पाळकाच्या कुदळीने सुटण्यासारखे नव्हते. ते जंगलाचे होते. त्या भागात लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या होत्या, रोथाऊला लोखंड वितळवले जाई. भट्टीला कोळसा हवा आणि कोळशाला लाकूड. इकडे गावकऱ्यांनाही घराला वासे, चुलीला सरपण, गुरांना चराई याच जंगलातून हवी. जंगल कोणाचे आणि त्यावर हक्क कोणाचा, याचा जमीनमालक आणि गावे यांच्यात दावा चालू होता, आणि तो ऐंशीहून अधिक वर्षे चालला. म्हणजे ज्यांनी तो सुरू केला त्यांच्या नातवंडांपर्यंत आला. या काळात वकिलांना पैसे गेले, गावे कर्जबाजारी झाली, आणि ज्या जंगलाचा निकालच लागत नाही त्याला आपले समजून जपावे असे कोणालाही वाटेना. आपल्याकडे गायरानाचे, बांधाचे खटले पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

तेथील प्रांताधिकारी लेझे मार्नेसिया यांनी ओबर्लिन यांना मध्यस्थी करण्याची विनंती केली. पाळकांनी गावोगाव जाऊन लोकांना समजावले की पूर्ण न्याय मिळवण्याच्या हट्टापायी आपण आणखी ऐंशी वर्षे घालवणार आहोत. त्यापेक्षा थोडा हक्क सोडा आणि उरलेले जंगल निश्चित पदरात पाडून घ्या. हे सांगणे सोपे नव्हते. हक्क सोडायला सांगणाऱ्या माणसावर कोणीही सहज संशय घेतो. पण ज्याने चाळीस-पंचेचाळीस वर्षे आपल्याबरोबर खडक फोडला त्याच्यावर संशय घेणे लोकांना जमले नाही. 1813 च्या जून महिन्यात तडजोड झाली. गावांचे प्रमुख ज्या लेखणीने करारावर सही झाली ती लेखणी घेऊन वाल्डर्सबाखला आले आणि ती पाळकांनी आपल्या अभ्यासिकेत टांगून ठेवावी अशी त्यांनी विनंती केली.

त्याच सुमारास बाझेल शहराचे लेग्रां नावाचे सद्गृहस्थ आपला फिती विणण्याचा कारखाना घेऊन फूदेला राहायला आले आणि घरबसल्या विणकामाचा रोजगार आला. लहानपणी विणकामशाळेत शिकलेले हात त्या कामाला तयारच होते.

आणि मग 1816 साल आले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल 1815 मध्ये, आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. त्याची राख आणि वायू आकाशात पसरून पुढच्या वर्षी पश्चिम युरोपात उन्हाळा आलाच नाही. पाऊस थांबेना, धान्य शेतात कुजले, भाकरीचा भाव गरिबाच्या हाताबाहेर गेला. आल्सास प्रांतात आणि आसपास लोकांचे अतोनात हाल झाले. दगडांच्या खोऱ्यातही त्या दोन वर्षांत भूक होतीच. पण जे खोरे पूर्वी अशा प्रसंगी सर्वांत आधी मरणाच्या दारात उभे राहत असे, ते आता बटाट्यावर तग धरून राहिले. कोणत्या घरी किती आहे हे सर्वांना ठाऊक होते आणि ज्याच्याकडे होते तो देत होता. रानातली कोणती भाजी खाण्याजोगी आणि कोणती नाही, हेही तेथल्या पोराटोरांना पाठ होते.

ही हकीकत पॅरिसपर्यंत गेली. पूर्वी फ्रान्सचे गृहमंत्री राहिलेले फ्रांस्वा द नफशातो यांनी तेथील राजकीय कृषी संस्थेपुढे अहवाल मांडला आणि 1818 साली संस्थेने या डोंगरी पाळकांना सुवर्णपदक दिले. पुढच्या वर्षी अठराव्या लुई राजाने लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. लुईसलाही ओबर्लिन यांच्यानंतर, 1829 साली, सद्गुणासाठी दिले जाणारे माँतियाँ पारितोषिक मिळाले.

ओबर्लिन यांची कीर्ती पुढे दूर गेली. अमेरिकेतील ओहायो राज्यात 1833 साली एक गाव आणि महाविद्यालय त्यांच्या नावाने वसले. जपानमध्येही त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. या सगळ्याबद्दल वेगळा लेख लिहिता येईल. आपण खोऱ्यातच राहू.

1 जून 1826 रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ओबर्लिन यांनी देह ठेवला. पुढचे चार दिवस डोंगरावर ढग उतरले होते आणि पाऊस अखंड पडत होता. तरीही लांबलांबच्या पाड्यांवरून लोक भिजत दर्शनाला येत राहिले. 5 जूनला अंत्यविधीच्या दिवशी आभाळ उघडले. वाल्डर्सबाखहून फूदेच्या चर्चपर्यंत सुमारे तीन किलोमीटरची वाट आहे. शवपेटिकेपुढे खोऱ्यातील सर्वांत वृद्ध गृहस्थ एक क्रूस घेऊन चालत होते. तो लुईसने त्यांच्या हाती दिला होता आणि त्यावर पाळकांना सारे गाव ज्या नावाने हाक मारी तेच नाव कोरले होते : पापा ओबर्लिन. मागे शाळेची मुले स्तोत्रे गात होती. गर्दी इतकी होती की रांगेचे पुढचे टोक फूदेला पोचले तेव्हा शेवटची माणसे वाल्डर्सबाखमधून अजून निघाली नव्हती. शेजारच्या गावांतील कॅथोलिक स्त्रियाही काळी वस्त्रे नेसून आल्या होत्या आणि दफनभूमीपाशी गुडघे टेकून प्रार्थना करत होत्या. रांगेतल्या कित्येकांनी वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी या पाळकांना आपल्या दोन झाडांचा दाखला नेऊन दिला होता.